जुन्या रायफलला नवी नळी: पान्याच्या आधी मोजमाप

पेनसिल्व्हेनियात स्थायिक झालेल्या एका मराठी गृहस्थांनी विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. त्यांनी शेजारच्या एका वृद्ध शिकाऱ्याकडून .३०८ विंचेस्टर काडतुसाची रेमिंग्टन ७०० रायफल विकत घेतली आहे. शंभर यार्डांवर पाच गोळ्यांचा ग्रुप तीन ते चार इंच पसरतो, म्हणजे नळी झिजली आहे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. नटाने, म्हणजे नळीवरचा मोठा नट आवळून, बसवायची तयार नळी बाजारात मिळते. ती घरच्या गॅरेजमध्ये स्वतः बसवता येईल का, की खांद्यावर, म्हणजे नळीवरच कापलेल्या पायरीवर, टेकून बसणारी नळी गनस्मिथकडून (बंदुकांच्या कारागिराकडून) करून घ्यावी, आणि खर्च करायचाच तर रायफल ६.५ क्रीडमूर या दुसऱ्या काडतुसाची करून घ्यावी का, असे त्यांना विचारायचे आहे. भोसरीतल्या टूलरूममध्ये ८ वर्षे लेथवर उभा राहिल्यानंतर मी अमेरिकेत आलो आणि गेली १९ वर्षे परवानाधारक गनस्मिथ म्हणून हेच काम करतो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपण विचारले आहे नळी बसवण्याबद्दल, पण खरे प्रश्न दोन आहेत. पहिला, दोष नळीचाच आहे का. दुसरा, नवी नळी रिसिव्हरमध्ये, म्हणजे नळी ज्यात आट्यांनी बसते त्या मधल्या पोलादी भागात, नेमकी किती आत जायला हवी. नळी आवळणे हे या कामातले सर्वांत सोपे पाऊल आहे. बोल्ट (काडतूस मागून बंद करणारा सरकता दांडा) बंद झाल्यावर त्याच्या तोंडापासून चेंबरमधल्या, म्हणजे काडतूस बसते त्या नळीच्या मागच्या पोकळीतल्या, खांद्यापर्यंत (पोकळी निमुळती होते त्या उतारापर्यंत) जे अंतर राहते, ज्याला आम्ही हेडस्पेस म्हणतो, ते योग्य येणे म्हणजे नळी बसणे. हे अंतर चुकले तर रायफल दिसायला उत्तम असेल, गोळीही झाडेल, आणि तरीही ती झाडणाऱ्याच्या चेहऱ्याला धोका असेल.

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण माझ्याकडे 'नळी बदलून द्या' म्हणून येणाऱ्या रायफलींपैकी बऱ्याच नळी न बदलताच परत जातात. .३०८ चे काडतूस नळीवर फार जुलूम करणारे नाही. शिकारीच्या रायफलीतून वर्षाला पन्नास-साठ गोळ्या सुटत असतील, तर हजारो गोळ्यांचे आयुष्य असलेली नळी एका माणसाच्या हयातीत संपणे कठीण असते. तेव्हा आधी स्वच्छता. गोळीवरचे तांबे नळीच्या खाचांत थरावर थर बसत जाते आणि नेहमीच्या तेलाच्या फडक्याने ते निघत नाही. अमोनियायुक्त सॉल्व्हंट लावून पंधरा मिनिटांनी फडके ओढा. ते निळे आले तर तांबे आहे असे समजा आणि फडके स्वच्छ येईपर्यंत हे करत राहा. फक्त पितळी ब्रश किंवा पितळी जॅग (फडके धरणारे टोक) वापरला असेल, तर तो निळा रंग त्या पितळेचाही असू शकतो, हे लक्षात ठेवा. मग दस्त्याला रिसिव्हर धरून ठेवणारे दोन स्क्रू पाहा. लाकडी दस्ता ऋतूनुसार फुगतो आणि आकसतो, आणि हे स्क्रू सैल पडतात. दुर्बिणीच्या बेसचे चार छोटे स्क्रू तर फारच वेळा सैल असतात, कारण बेस तसाच ठेवून वरच्या रिंगाच तेवढ्या आवळल्या जातात. शक्य असल्यास खात्रीची दुसरी दुर्बीण लावून पाहा. नळीचे तोंड म्हणजे क्राउन तपासायला कापसाची काडी पुरते: आतून बाहेर ओढताना एखाद्या जागी कापसाचे तंतू अडकले, तर तिथे धातूची कोर उभी राहिली आहे. लेथवर क्राउन नव्याने कापून देणे हे थोड्या वेळाचे काम आहे, आणि गोळी नळी सोडते ती तिथूनच, म्हणून त्याचा परिणाम मोठा असतो.

एवढे झाल्यावर एकाच कंपनीच्या काडतुसांचे पाच-पाच गोळ्यांचे तीन ग्रुप झाडा, प्रत्येक ग्रुपनंतर नळी हाताला कोमट लागेपर्यंत थांबा, आणि मग दुसऱ्या वजनाच्या गोळ्यांनी तेच करा. इतके करूनही तीन इंच सुटत नसतील तर बोअरस्कोपने, म्हणजे नळीत घालायच्या बारीक दुर्बिणीने, आत पाहा. चेंबरच्या लगेच पुढे, जिथे खाचा सुरू होतात, तिथला पोलादी पृष्ठभाग झिजलेल्या नळीत उन्हाळ्यातल्या काळ्या रानासारखा भेगाळलेला दिसतो. थोड्या भेगा प्रत्येक वापरलेल्या नळीत असतातच, त्याला घाबरू नये. भेगांच्या कडा उचललेल्या असतील, खाचांची सुरुवातच पुसली गेली असेल, किंवा ओलीत ठेवल्यामुळे गंजाचे खड्डे पडले असतील, तर मात्र नळी संपली आहे.

आता नळी खरोखरच संपली आहे असे धरून पुढे जाऊ.

काडतूस बदलण्याविषयी आधी सांगतो, कारण नळी मागवण्यापूर्वी ते ठरवावे लागते. २००७ साली बाजारात आलेल्या ६.५ क्रीडमूरच्या बुडाचा व्यास .३०८ इतकाच, म्हणजे ०.४७३ इंच आहे, म्हणून आपला बोल्ट तसाच चालेल, आणि काडतुसाची लांबीही जवळपास तेवढीच असल्याने मॅगझिनही चालेल. म्हणजे बदल शक्य आहे. तो करावा का, हे आपल्यावर आहे. धक्का कमी हवा असेल, घरातले दुसरे कोणी हीच रायफल वापरणार असेल, किंवा लांब पल्ल्याच्या रेंजवर जायची आवड असेल, तर जरूर करा. पेनसिल्व्हेनियाच्या दाट रानात हरणावर ऐंशी-शंभर यार्डांवरून नेम धरायचा असेल, तर .३०८ मध्ये काहीही कमी नाही आणि त्याची काडतुसे कोणत्याही गावातल्या दुकानात मिळतात. मी आपल्या जागी असतो तर .३०८ च ठेवली असती. एक मात्र पक्के: काडतूस बदलले तर नव्या नळीवर त्याचे नाव ठसठशीत कोरलेले असलेच पाहिजे. उद्या ही रायफल दुसऱ्याच्या हातात जाईल, तेव्हा आपण सांगायला तिथे नसाल.

आता हेडस्पेस. .३०८ च्या चेंबरमध्ये खांद्यावर जिथे व्यास ०.४०० इंच होतो, ती मोजणीची जागा मानलेली आहे. बोल्टच्या तोंडापासून तिथपर्यंतचे अंतर किमान १.६३० इंच आणि कमाल १.६४० इंच, असे अमेरिकेतल्या साआमी या संस्थेचे मानक आहे. हे तपासायला पोलादाचे, घासून नेमक्या मापाला आणलेले गेज मिळतात. गो गेज १.६३० चा असतो, त्यावर बोल्ट बंद झालाच पाहिजे. नो-गो गेज १.६३४ चा, त्यावर नव्या नळीत बोल्ट बंद होता कामा नये. तिसरा फील्ड गेज १.६३८ चा असतो आणि तो जुनी, वापरातली रायफल अजून सुरक्षित आहे का हे पाहण्यासाठी असतो. त्यावर बोल्ट बंद झाला तर ती रायफल त्याच क्षणी बाजूला ठेवायची. म्हणजे नवी नळी बसवताना आपल्याला खेळायला जागा आहे ती इंचाच्या चार हजारांश भागांची, टूलरूमच्या भाषेत चार थाऊंची. माणसाचा केस साधारण तीन थाऊ जाड असतो.

हे चार थाऊ पान्याच्या भाषेत किती होतात ते पाहा. रेमिंग्टन ७०० च्या नळीला इंचाला १६ आटे असतात, म्हणजे नळी एक पूर्ण फेरा फिरली की ६२ थाऊंहून किंचित जास्त आत जाते. त्या हिशोबाने चार थाऊ म्हणजे २३ अंश. घड्याळाच्या तबकडीवर बारापासून एकपर्यंत ३० अंश होतात. त्याहूनही कमी फिरण्यात योग्य आणि अयोग्य यांतला सगळा फरक मावतो. 'हाताला घट्ट लागले, आता बसली' हा अंदाज इथे का चालत नाही, ते यावरून लक्षात येईल.

काही वर्षांपूर्वी एका गृहस्थांनी अशीच रायफल माझ्याकडे आणली. त्यांनी नटाची नळी घरी बसवली होती, गेज घेतले नव्हते, आणि कारखान्यातले काडतूसच गेज म्हणून वापरले होते. तक्रार एवढीच होती की ग्रुप बरा येतो, पण पुंगळ्या (काडतुसांची रिकामी पितळी आवरणे) पुन्हा भरल्या की दुसऱ्या-तिसऱ्या वेळी फुटतात. मी त्यांच्या झाडलेल्या पुंगळ्यांपैकी एक दिव्याखाली धरली. बुडापासून बोटाच्या अर्ध्या पेराएवढ्या अंतरावर, सभोवती, एक चकचकीत कडे होते, जणू कोणी तेवढ्याच पट्ट्यावर पॉलिश पेपर फिरवला आहे. कागदाची क्लिप सरळ करून तिचे टोक थोडे वाकवले, पुंगळीच्या आत बुडापर्यंत घातले आणि भिंतीला टेकवून हळूच वर ओढले. कड्याच्या जागी टोक खळग्यात उतरून अडखळले. तिथे पितळ आतून ताणून पातळ झाले होते. मग गेज लावले: नो-गोवर बोल्ट बंद झाला, आणि फील्डवरही झाला.

कारण समजून घेण्यासारखे आहे. दारू पेटते तेव्हा पुंगळीचा पुढचा पातळ भाग फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटतो, आणि मागचे जाड बूड मात्र बोल्टकडे ढकलले जाते. मध्ये मोकळी जागा असेल तर पुंगळी तेवढी ताणली जाते, आणि ताण नेहमी एकाच जागी, बुडाच्या जरा वर, पडतो. तिथे ती तुटली तर .३०८ मध्ये दर चौरस इंचाला ६२,००० पौंडांपर्यंत जाणारा दाब असलेला वायू मागे फिरतो, आणि मागे डोळे असतात. आता त्यांची चूक. रेमिंग्टन ७०० च्या बोल्टच्या तोंडात इजेक्टरची स्प्रिंगवर बसलेली खुंटी असते, जी काडतुसाला सतत पुढे ढकलते. त्यांनी नळी फिरवत आत नेली, काडतुसाचा खांदा चेंबरला टेकला, हाताला अडल्यासारखे वाटले आणि ते तिथेच थांबले. पण त्या वेळी काडतुसाचे बूड बोल्टला टेकलेलेच नव्हते. खुंटीने ते पुढे धरून ठेवले होते. शिवाय काडतूस हे गेज नव्हेच, ते चेंबरमध्ये सैल जावे म्हणूनच मुळात थोडे आखूड बनवलेले असते. त्या नळीत किंवा नटात कोणताही दोष नव्हता. नळी आत नेऊन नीट जुळवली आणि ती आजही उत्तम चालते.

म्हणून माझे उत्तर असे: नटाची नळी आपण घरी बसवू शकता, पण गो आणि नो-गो हे दोन्ही गेज हातात असतील तरच. हे गेज भाड्यानेही मिळतात. गोच्या बुडाला पारदर्शक चिकटपट्टी लावून त्याचा नो-गो करण्याची युक्ती बरेच जण सांगतात. दोन थाऊ जाडीची पट्टी मापून लावली तर ती अडचणीच्या वेळी उपयोगी पडते, परंतु पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याने तिच्यावर विसंबू नये असे मला वाटते.

नटाची रचना सावेजने १९५८ पासून आपल्या ११० मॉडेलमध्ये वापरली. नळीवर लांबपर्यंत आटे असतात, त्यावर एक मोठा नट असतो, आणि नळी हवी तेवढी आत नेऊन नट रिसिव्हरवर आवळला की ती जागेवर पक्की होते. हीच पद्धत आता रेमिंग्टनच्या रिसिव्हरसाठीही मिळते. तिचे मोठेपण हे की चेंबर कारखान्यात आधीच कापलेले असते आणि हेडस्पेस बसवताना जुळवता येतो, त्यामुळे लेथची गरज राहत नाही.

सगळ्यात आधी चेंबर रिकामे आहे, मॅगझिन रिकामे आहे आणि खोलीत काडतूस नाही, याची खात्री करा. मग जुनी नळी काढायची. कारखान्याने बसवलेली नळी कधी कधी फार घट्ट असते. नळीचा व्हाइस हवा, त्यात ॲल्युमिनियमचे किंवा कठीण लाकडाचे पट्टे आणि त्यांवर राळेची पूड, नाहीतर नळी व्हाइसमध्येच फिरते. पाना रिसिव्हरच्या पुढच्या जाड कड्याला धरणारा असावा. मागच्या बाजूला धरून किंवा मॅगझिनच्या खिडकीतून दांडा घालून पिळला तर रिसिव्हर वाकतो, आणि वाकलेला रिसिव्हर सरळ करता येत नाही. नळी सुटताना 'कट्' असा स्पष्ट आवाज येतो आणि मग ती हाताने फिरते. जोर लावूनही सुटली नाही तर थांबा. गॅसची ज्योत रिसिव्हरला लावू नका, त्याचे उष्णता-संस्करण बिघडते. अशी नळी मी लेथवर धरतो आणि रिकॉइल लगच्या (रायफलचा धक्का दस्त्याकडे पोचवणाऱ्या तुकड्याच्या) अगदी पुढे, जुन्या नळीच्या खांद्यावर, एक अरुंद खाच कापतो. खांद्यावरचा ताण सुटला की नळी सहज निघते. जुनी नळी वाया जाते, पण ती आपण टाकणारच होतो. नळी ठेवायची असेल तर मात्र हा उपाय नाही.

रेमिंग्टनची एक खास गोष्ट इथे येते. माउझर ९८ मध्ये किंवा विंचेस्टर ७० मध्ये रिकॉइल लग रिसिव्हरच्या अंगचाच असतो. रेमिंग्टन ७०० मध्ये तो नळी आणि रिसिव्हर यांच्यात दाबून धरलेला वेगळा तुकडा आहे, जाड वॉशरसारखा. नट आवळताना तो नटाबरोबर किंचित फिरतो आणि मग रायफल दस्त्यात बसत नाही, किंवा बळेच बसवली तर तिरकी बसते. तो सरळ धरणारा जिग स्वस्तात मिळतो, तो घ्या.

नळी बसवण्यापूर्वी बोल्टमधून फायरिंग पिन आणि इजेक्टर दोन्ही काढा. ही पायरी का महत्त्वाची, ते वरच्या प्रसंगावरून कळलेच असेल. रिसिव्हरचे आटे, लगच्या दोन्ही बाजू, बोल्टचे तोंड आणि चेंबर फडक्याने पुसून, बोट फिरवून खात्री करा. एक धातूचा कीस किंवा वाळलेल्या तेलाचा एक थर दोन थाऊंचा खोटा हिशोब देऊ शकतो. आट्यांना अँटी-सीझ, म्हणजे आटे जाम होऊ न देणारे वंगण, लावा. गो गेजचे बूड एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळी बाहेर ओढणाऱ्या आकड्याच्या) खाली सरकवून गेज बोल्टच्या तोंडावर बसवा, बोल्ट बंद करा, आणि नळी हाताने फिरवत गेजला हलकेच टेकेपर्यंत आत न्या. नट आवळा. आता बोल्ट पुन्हा उघडून गो वर बंद करा: हँडल बोटाच्या हलक्या स्पर्शाने, जवळजवळ स्वतःच्या वजनाने खाली आले पाहिजे. मग नो-गो: हँडल वरच अडले पाहिजे. या दोन्ही वेळी जोर लावू नका. बोल्टच्या हँडलला कॅमची, म्हणजे तिरक्या उतारावरून रेटत नेण्याची, ताकद असते आणि तळहाताने रेटले तर नो-गोवरही बोल्ट बंद होईल, बोल्टचे तोंड आणि चेंबर दुखावेल आणि आपण फसाल. मी हे नेहमी अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीतच करतो.

पहिल्यांदा करणाऱ्यांना एक गोष्ट बुचकळ्यात टाकते. नट आवळण्याआधी सगळे अचूक असते आणि आवळल्यावर हेडस्पेस थाऊ-दोन थाऊंनी वाढलेला आढळतो. यात आपली चूक नसते. आट्यांमध्ये थोडी सैल जागा असते आणि नट आवळला की तो नळीला पुढे ओढून ती जागा घेतो. उपाय सोपा आहे: नट सैल करा, नळी किंचित आत घ्या, पुन्हा आवळा, पुन्हा दोन्ही गेज लावा. मला स्वतःलाही बहुतेक वेळा दोन किंवा तीन फेऱ्या लागतात. जे माप ग्राह्य धरायचे ते पूर्ण आवळल्यानंतरचे.

आता खांद्यावर बसणारी नळी. इथे माझे मत स्पष्ट आहे: ज्याच्याकडे लेथ नाही आणि लेथवर बऱ्याच वर्षांचा हात नाही, त्याने हे काम घरी करू नये. कोऱ्या नळीला आटे पाडायचे, खांदा कापायचा, बोल्टच्या नाकासाठी मागे खोलगट जागा करायची आणि चेंबर रीमरने (चेंबरच्याच आकाराच्या कापणाऱ्या हत्याराने) कापायचे, आणि हे सगळे बाहेरच्या अंगाशी नव्हे तर आतल्या छिद्राशी एककेंद्री असले पाहिजे. नळीचे छिद्र नेहमी बाहेरच्या अंगाच्या अगदी मधोमध असतेच असे नाही. म्हणून मी नळी लेथच्या हेडस्टॉकमधून आरपार घालतो, पुढे फोर-जॉ चक आणि मागे चार स्क्रूंचा स्पायडर, आणि डायल थेट छिद्रात लावून दोन्ही टोके ट्रू करतो, सुई थाऊच्या पाचव्या भागापेक्षा जास्त हलत नाही तोवर. एखाद्या दिवशी यातच दीड तास जातो. तो दीड तास वाचवला तर पुढचे सगळे काम व्यर्थ होते.

रिसिव्हरचे तोंड आणि बोल्टच्या लगांचा (बोल्टला जागेवर अडकवणाऱ्या खुंट्यांचा) टेकू काटकोनात नसेल तर ते आधी दुरुस्त करायचे, कारण तिथून एक थाऊ निघाला की हेडस्पेस एका थाऊने बदलला. त्यानंतर मोजमाप. बोल्ट मागे दाबून धरून, रिकॉइल लगच्या पुढच्या तोंडापासून बोल्टच्या तोंडापर्यंतचे अंतर डेप्थ मायक्रोमीटरने मोजतो. मी ते पाच वेळा मोजतो आणि पाचही आकडे कागदावर लिहितो. मग रीमर चालवताना अधूनमधून थांबून, चेंबर धुऊन, त्यात गो गेज घालतो आणि नळीच्या खांद्यापासून गेजच्या बुडापर्यंतचे अंतर मोजतो. ही दोन अंतरे समान झाली की गेज बोल्टला नेमका टेकतो. नळी आवळताना खांदा साधारण एक थाऊ दबतो, म्हणून दुसरे अंतर पहिल्यापेक्षा एक ते दोन थाऊंनी कमी ठेवतो. शेवटचे दहा थाऊ मी दोन-दोन करून कापतो, प्रत्येक वेळी कीस पूर्ण धुऊन. जास्त कापले गेले तर परत लावता येत नाही. खांदा मागे घेऊन सगळे काम पुन्हा करावे लागते.

या कष्टांनी मिळते काय? खांद्याची नळी दिसायला मूळ रायफलसारखी राहते, दस्त्यात नटासाठी जागा करावी लागत नाही, आणि चेंबर आपल्याच रिसिव्हरच्या मापाने कापलेले असते. अचूकतेत मात्र चांगल्या कंपनीची नटाची नळी मागे पडते असा माझा अनुभव नाही. शिकारीच्या रायफलसाठी फरक कागदावर दिसण्याइतका नसतो, हे मी व्यवसायाचे नुकसान पत्करूनही गिऱ्हाइकांना सांगतो. खर्चाचा हिशोब आपल्या परिस्थितीवर आहे. उत्तम कोरी नळी आणि मजुरी मिळून कधी कधी साधी नवी रायफल येईल इतका खर्च होतो. ही रायफल आपल्याला त्या वृद्ध शेजाऱ्यांमुळे प्रिय असेल तर तो खर्च योग्यच आहे, आणि नसेल तर नव्या रायफलचा विचार करण्यात काही गैर नाही.

थोडक्यात, आपल्या बाबतीत माझा सल्ला असा होतो: आधी स्वच्छता, स्क्रू, दुर्बीण आणि क्राउन, नळीच दोषी ठरली तर .३०८ चीच नटाची नळी, दोन गेज आणि लगचा जिग. आणि लेथ लागेल असे काहीही समोर आले तर गनस्मिथ.

कायद्याविषयी दोन शब्द, कारण हे वाचणारे सगळे पेनसिल्व्हेनियातले नसतील. अमेरिकेच्या संघीय कायद्यात रिसिव्हर हाच 'शस्त्र' मानला जातो आणि नळी सुटा भाग असते, म्हणून स्वतःच्या रायफलची नळी स्वतः बदलता येते. रायफलची नळी १६ इंचांपेक्षा आखूड मात्र विशेष संघीय नोंदणीशिवाय चालत नाही, आणि राज्याचे नियम वेगळे पाहावे लागतात. ब्रिटन आणि जर्मनीत नळी स्वतःच नियंत्रित भाग आहे आणि नव्या नळीच्या दाबचाचणीचे वेगळे नियम आहेत. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली शस्त्राचे भागही येतात आणि दुरुस्तीचा व्यवसाय परवानाधारकालाच करता येतो, तेव्हा तिथल्या वाचकांनी यातले काहीही घरी करू नये.

नळी बसल्यावर दस्ता पाहा. नव्या नळीची जाडी जुनीपेक्षा वेगळी असू शकते. दस्ता आणि नळी यांच्यामधून दुमडलेली कागदाची पट्टी तोंडापासून लगच्या जवळपर्यंत न अडकता सरकली पाहिजे. नट मूळ नळीपेक्षा जाड असल्याने त्या जागी थोडे लाकूड कोरावे लागते. नवा लग जुन्यापेक्षा जाड असेल तर त्याची बैठक एपॉक्सीने पुन्हा करावी लागते, आणि तिथल्या धातूला मेणाचा लेप द्यायला विसरू नका, नाहीतर रायफल दस्त्याला कायमची चिकटते.

काढलेली फायरिंग पिन आणि इजेक्टर परत बसवा आणि नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पाहा. पहिल्या दोन गोळ्या मी कधीही रायफल खांद्याला लावून झाडत नाही. रेंजवर वाळूच्या पिशव्यांत ती पक्की धरून, चापाला लांब दोरी बांधून, बाजूला उभा राहून झाडतो, डोळ्यांवर चष्मा लावून, आणि कारखान्याच्या साध्या काडतुसाने. मग पुंगळी काढून बुडाच्या वर नखाने आणि भिंगाने पाहतो, आतून क्लिप फिरवतो. चकचकीत कडे नाही, प्रायमर (बुडातली दारू पेटवणारी टिकली) सपाट झालेला नाही, आणि झाडण्याआधी व नंतर खांद्यापर्यंत मोजलेल्या लांबीत फक्त काही थाऊंचा फरक आहे, असे दिसले की मगच रायफल खांद्याला लागते. नळी 'रुळवण्या'साठी प्रत्येक गोळीनंतर साफ करण्याचे लांबलचक विधी पुष्कळ ठिकाणी सांगितले जातात. मी पहिल्या दहा गोळ्यांत तीन-चार वेळा तांबे काढतो आणि तेवढ्यावर थांबतो. त्याहून जास्त केल्याने काही साधले असे मला दिसलेले नाही.

पेनसिल्व्हेनियात रायफलने हरणाची शिकार थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी सुरू होते, आणि ऑक्टोबरमध्ये प्रत्येक गनस्मिथच्या दाराशी रांग असते. काम गनस्मिथकडे द्यायचे ठरले तर उन्हाळ्यातच द्या, आणि देतानाच एक मागणी करा. कोऱ्या नळीचा मागचा किंवा पुढचा दोन-अडीच इंचांचा तुकडा कापला जातो. त्याच रीमरने त्या तुकड्यात आपल्या चेंबरची पुढची बाजू कापून द्यायला सांगा. हाताच्या मुठीत मावणारा तो तुकडा म्हणजे आपल्या चेंबरचा नमुना असतो. पुढे कधी नवी काडतुसे घेतली किंवा स्वतः भरली, तर रायफल बाहेर न काढता, टेबलावरच, पुंगळीचा खांदा त्यात कसा बसतो हे पाहता येते.